ढोलकी पळते

सांगलीच्या त्या वैष्णवीला मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की मोठ्याने घातल्या असत्या तर आईने मला घराबाहेर काढलं असतं. मोठ्याने घालता येत नव्हत्या, कारण पप्पा शेजारी बसले होते. रविवारी सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून टीव्हीसमोर. लेकीच्या कंपनीचा गेम, त्यात स्वतःची ढोलकी, आणि टीव्हीवर त्याबद्दल कोणीतरी बोलणार म्हणून. टीव्हीवर नाही पप्पा, यूट्यूबवर, असं मी दोनदा सांगून पाहिलं. पण आमच्या घरात जे टीव्हीच्या पडद्यावर दिसतं ते टीव्हीवरच असतं.

बाजूला आनंदाकाका होते. काका पप्पांच्या गायन पार्टीचे गायक. पप्पा शहाडच्या कारखान्यात कामाला होते तेव्हापासूनची ही जोडी, काका गाणार आणि पप्पा ढोलकीवर. उल्हासनगरातल्या आमच्या कॅम्प चारमधला बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम या दोघांशिवाय झालेला मला तरी आठवत नाही. यंदाची जयंतीही महिन्यावर आली होती. आईने चहा केला, खारी ठेवली, आणि मी फोनवरून व्हिडिओ टीव्हीला जोडला.

आता हा गेम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या कंपनीचा पहिला गेम 'घाटवळण'. ट्रक चालवायचा, घाट उतरायचा, माल पोचवायचा. तो तुफान चालला. त्यात जनू नावाचा एक क्लीनर होता, मागे बसून बडबड करणारा, आणि लोकांना ड्रायव्हर राहिला बाजूला, हा जनूच आवडला. म्हणून आमचा मालक जयदेव याने जनूला घेऊन वेगळा गेम काढला, 'घाटवळण : ठेका'. यात ट्रक बंद पडलाय. पार्ट येईपर्यंत जनू ढाब्यावर ढोलकी वाजवतो. गाणं सुरू झालं की पडद्यावर वरून टिकल्या खाली येतात, टिकली खालच्या रेघेवर आली की अंगठा मारायचा. डाव्या अंगठ्याला धूम, उजव्याला शाई, म्हणजे ढोलकीच्या दोन बाजू. वेळेवर पडला तर 'क्या बात' असं उमटतं. नाहीतर 'लवकर' नाहीतर 'उशीर'.

आणि त्यातली सगळी ढोलकी पप्पांची. अंबरनाथच्या एका स्टुडिओत बसून त्यांनी वाजवली होती. जयदेवने मशीनची ढोलकी वापरायची ठरवली होती, मी हट्टाने पप्पांना नेलं होतं.

वैष्णवी गेम खेळून त्याचं चांगलं-वाईट सांगते. मराठीत, शांतपणे, आणि तिचं ऐकून लोक गेम घेतात किंवा सोडतात. सुरुवात तिने झकास केली. ढाब्याचं चित्र सुंदर आहे म्हणाली. जनूला पहिल्यांदा स्वतःचं घर, स्वतःची आई मिळाली, हे तिला फार आवडलं. दोन अंगठ्यांना ढोलकीच्या दोन बाजू देण्याची कल्पना तर तिने डोक्यावर घेतली, आपल्याकडे असं कोणी केलं नाही म्हणाली. पप्पांनी आनंदाकाकांच्या मांडीवर थाप मारली. मग ती वाईटाकडे वळली. गाणी कमी आहेत. गोष्ट अर्ध्यात सोडल्यासारखी संपते. ट्रक चालवायला आलेल्या माणसाने ट्रकला नुसतं बघत बसायचं का. तिसऱ्या गाण्यानंतर एकदम अवघड होतं. हे सगळं मी मान हलवत ऐकलं, कारण हे आम्हालाही माहीत होतं.

मग ती म्हणाली, "पण सगळ्यात मोठी अडचण ही, की टिकली आणि ढोलकी जुळत नाहीत. ढोलकी पळते असं वाटतं."

मी पटकन फोन उचलला, पण बंद करायच्या नादात खालच्या कमेंट उघडल्या. टीव्हीवर ही मोठमोठी अक्षरं. ढोलकीवाला पिऊन बसलाय का. म्हाताऱ्याला रिटायर करा. कोणीतरी हसण्याचे चेहरे टाकले होते, त्याखाली आणखी चेहरे. आनंदाकाका वाचत वाचत थांबले. पप्पांनी मात्र सगळं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पप्पांचे गुरू रामभाऊ. मोठा हात होता म्हणतात. पण उतारवयात त्यांचा ठेका पळायला लागला. गायक धापा टाकत मागे, आणि रामभाऊ आपल्याच नादात पुढे. आदरापोटी कोणी तोंड उघडलं नाही. लोक पाठीमागे हसायचे आणि समोर पाया पडायचे, आणि हे त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. पप्पांनी ते पाहिलं होतं. म्हणून ते आनंदाकाकांना दर जयंतीला बजावायचे, माझा ठेका पळाला की तोंडावर सांग, मी त्याच दिवशी उठेन. आम्ही हसायचो. आता एका परक्या बाईने, जिला पप्पांची भीडभाड ठेवायचं काही कारण नव्हतं, तिने तोंडावर सांगितलं होतं.

पप्पा उठले. ढोलकीवर निळी खोळ चढवली, नाडी बांधली.

"आनंदा, यंदा दुसरा बघ."

काका म्हणाले, भीमराव, वेडे झालात काय, मी रोज ऐकतो तुम्हाला. पप्पा म्हणाले, रामभाऊंनाही सगळे असंच म्हणायचे. चहा तसाच ठेवून काका गेले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की त्या क्षणी सांगलीची गाडी मिळाली असती तर मी बसले असते.

सोमवारी ऑफिसात गेले ती भांडायच्या तयारीनेच. आमचं ऑफिस कॅम्प चारमध्येच, पहिल्या मजल्यावर. खाली धर्मेशभाईचं मोबाइलच्या सामानाचं दुकान, चार्जर, कव्हर, इयरफोन. त्याला लागून लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना. तिथे दिवसभर पत्र्यावर हातोडा. एवढ्या आवाजात गाण्यांचा गेम कसा बनवला असं लोक विचारतात. तर सोपं आहे, जयदेवने धर्मेशभाईकडून सगळ्यांना एकाच जातीचे बिनवायरचे इयरफोन घेऊन दिले होते. सगळ्यांच्या कानात सारखंच वाजलं पाहिजे म्हणाला. ते कानात घालून, गाणं ऐकत ऐकत, आम्ही टॅबवर अंगठे मारायचो, आणि जिथे अंगठा पडेल तिथे मशीन टिकली टाकायचं. सगळी गाणी आम्ही अशीच भरली.

जयदेव बदलापूरच्या पुढच्या गावचा, आगरी घरातला. हळदीत बँजो वाजला की सगळ्यात आधी नाचायला उतरणारा, म्हणजे त्याला ठेका कळत नाही असं काही नाही. तोही रात्रभर कमेंट वाचत बसला होता. गंमत अशी, की आमच्या इकडची पोरं, शहाडपासून बदलापूरपर्यंतची, पाच-पाच तारे देत होती, एक नंबर म्हणत होती. बाहेरची बोंब मारत होती. पुण्याची, नाशिकची, सांगलीची. मला वाटलं, जळतात मेले.

जयदेव मला जवळ बसवून हळू आवाजात बोलला. पप्पांना तो काका म्हणतो. "प्रीती, काकांबद्दल मला काय बोलायचं नाय. पण गेम बसला तर आपण सगळे बसू." शुक्रवारपर्यंत मशीनची ढोलकी घालायची, गाणी पुन्हा चढवायची, विषय संपवायचा, असं त्याचं म्हणणं. पप्पांचं नाव गेमच्या शेवटच्या पाटीवर राहील म्हणाला. मी म्हटलं, पाटीवर नाव आणि आत मशीन, हे तू तुझ्या वडिलांच्या बाबतीत कर, माझ्या नाही. मग मी जरा जास्तच बोलले. तो ऐकून घेत होता म्हणून आणखी बोलले. शेवटी एवढंच ठरलं, की शुक्रवारपर्यंत मी सिद्ध करायचं, ढोलकी बरोबर आहे. नाही जमलं तर मशीन.

मी पहिली गोष्ट केली ती साफ चुकीची. मला वाटलं, पप्पांनाच खेळायला देऊ. स्वतःचं वाजवलेलं गाणं, स्वतःचाच हात, सगळीकडे 'क्या बात' पडेल आणि त्यांचा जीव भांड्यात पडेल. संध्याकाळी मी फोन त्यांच्या हातात दिला, इयरफोन पुढे केले. ते बाजूला सारून म्हणाले, कानात बोंडं घालून कोणी ढोलकी वाजवतं का. फोनचा आवाज मोठा केला, चष्मा लावला आणि सुरू झाले.

लवकर. लवकर. लवकर. लवकर.

एक टिकली जागेवर पडेना. पप्पांचे अंगठे मात्र इतके ठाम पडत होते, की बघणाऱ्याला वाटावं गेम बिघडलाय. पण मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला, तू वाजव म्हणाले. मी सवयीने इयरफोन कानात घातले आणि खेळले. सगळीकडे क्या बात, एकही हुकलं नाही. मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी सरसर शेवटपर्यंत गेले, आणि मान वर केली तर पप्पा पडद्याकडे बघत होते.

"बघ," ते म्हणाले. "तुझा हात बरोबर पडतो. माझा पळतोय."

आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला. मला रडू आलं, पण मी रडले नाही. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघून स्वतःला बजावलं, प्रीती, हा माणूस चुकीचा नाही. मग चूक कुठे आहे ती शोध. नाही सापडली तर तुझी ती डिग्री आणि तो कॉम्प्युटर नेऊन भंगारात घाल.

दुसऱ्या दिवशी मी पप्पांची मूळ रेकॉर्डिंग उघडली, स्टुडिओतली, एकही टिकली न टाकलेली. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र दिसतं, थाप पडली की उंचवटा. त्यावर मी ठेक्याच्या रेघा आखल्या आणि एकेक थाप तपासायला बसले. खाली हातोडा चालू, वर माझा डोळा पडद्यावर. जेवायला उठले नाही. पप्पांची थाप न थाप रेघेवर बसलेली होती. शेवटच्या गाण्यात, जिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि एकटी ढोलकी वाजते, तिथेही रेघेवर. मशीन काय वाजवेल असं ते वाजवलेलं होतं, वर त्यात जीव होता.

मी जयदेवला ओढून आणलं. त्याने पाहिलं, डोकं खाजवलं. रेकॉर्डिंग बरोबर आहे हे त्याने मानलं. पण मग त्याने विचारलं. ढोलकी बरोबर, टिकल्या आपणच टाकलेल्या, आपण खेळलो की बरोबर, मग लोकांना चुकीचं का वाटतं? आणि काकांना स्वतःला का वाटतं?

मला एकच उत्तर सुचत होतं, ती बाई खोटं बोलते. पप्पांचं खेळणं मी सोयीस्कर विसरले होते. गुरुवारी सकाळी मी वैष्णवीचा नंबर मिळवला आणि फोन लावला. नमस्कार वगैरे काही नाही, सरळ सुरुवात केली. तुम्हाला ढोलकीतलं काय कळतं, तुमच्यामुळे एका माणसाने वाद्य खाली ठेवलं, एवढं सगळं एका दमात. तिने मध्ये तोंड घातलं नाही. माझा दम संपल्यावर म्हणाली, ढोलकी पळते 'असं वाटतं' म्हटलं मी, जुळत नाही हे मुख्य म्हटलं होतं. त्या काकांना मी काही म्हटलं नाही, लोक म्हणाले, त्याचं मला वाईट वाटतं. पण जुळत नाही ते नाहीच जुळत. तुमच्याकडे जुळत असेल तर खेळून दाखवा, मी पहिल्या व्हिडिओत टाकीन, माफी मागून.

मी म्हटलं, आत्ता दाखवते. फोन ठेवला आणि घराच्या गॅलरीतच बसले, कानात इयरफोन, समोर पडदा रेकॉर्ड होतोय. शेवटचं गाणं लावलं, सगळ्यात अवघड, एकट्या ढोलकीचं. क्या बात, क्या बात, क्या बात. माझे अंगठे असे चालत होते की मीच खूश झाले. मनात म्हटलं, घे बाई, बघ आता. अर्धं गाणं झालं असेल, कानात बारीक टुंई असा आवाज आला आणि इयरफोन मेले. रात्री चार्जिंगला लावायचे राहिले होते. गाणं एक क्षण अडखळलं आणि फोनच्याच स्पीकरवरून वाजायला लागलं. मी थांबले नाही. हात तोच, गाणं तेच.

लवकर. लवकर. लवकर.

मी अंगठे उचलले आणि नुसती बघत बसले. ढोलकीची थाप ऐकू येत होती, आणि टिकली तिच्यानंतर रेघेवर येत होती. थाप, मग टिकली. थाप, मग टिकली. मी कपाळाला हात लावला. आई आतून विचारत होती काय झालं.

काय झालं होतं, तर बिनवायरच्या इयरफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो. एवढासा उशीर, गाणी ऐकताना कोणाला कळणारही नाही. पण आम्ही त्या उशिरा आलेल्या आवाजावर अंगठे मारून टिकल्या टाकल्या होत्या. म्हणजे एकूण एक टिकली उशिरा. तेच इयरफोन घालून खेळलं की सगळं जुळणार. आणि ते इयरफोन कोणाकडे? धर्मेशभाईच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे, शहाडपासून बदलापूरपर्यंत. गेम आमच्या इकडच्या गावांपुरता बरोबर होता आणि बाकी महाराष्ट्राला चुकीचा. पप्पा फोनच्या स्पीकरवर खेळले, थाप ऐकली तेव्हाच अंगठा मारला, आणि आमच्या गेमने त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही पळताय.

ऑफिसात जाताना मी धर्मेशभाईच्या दुकानात शिरले आणि काउंटरवर ते इयरफोन आपटले. हे उशिरा वाजतात, तुम्ही सांगितलं का नाही, असं सगळं. धर्मेशभाईने ते उचलले, पुसले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मैंने गाना सुनने को दिया था. बजाने को थोड़ी दिया था." बिनवायरचं सगळंच थोडं मागे असतं, महागातलं थोडं कमी, हे त्याने मला समजावलं, लस्सी मागवली, आणि वायरवाला एक इयरफोन हातात दिला. वर गेले तेव्हा माझा निम्मा राग उतरला होता.

जयदेवला समजायला एक गाणं पुरलं, वायर लावून. तो खुर्चीत मागे रेलला. सगळ्या टिकल्या एकदम थोड्या आधी आणायला एक आकडा बदलायचा होता, तेवढंच. पण मग ज्या पोरांनी पाच तारे दिले त्यांना सगळं उलटं लागलं असतं. मी म्हटलं, आपण आकडा ठरवायचाच नाही. गेम सुरू झाला की आधी चार थापा वाजू दे. खेळणारा त्याच्या कानाला येईल तसा अंगठा मारेल, आणि त्याच्या अंगठ्यावरून गेमने स्वतःला सरकवून घ्यायचं. ज्याचं जे सामान असेल ते. याला आम्ही जुळवणी नाव दिलं. मोठ्या कंपन्यांच्या असल्या गेममध्ये हे असतंच. आमच्यात नव्हतं, कारण आमच्यात कोणाचं कधी चुकलंच नव्हतं.

हे सगळं मी घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले, माझ्यासाठी एवढं जुळवून आणलंस, बरं वाटलं. म्हणजे विश्वास बसलाच नव्हता. त्यांना वाटलं, लेक बापाची समजूत घालतेय. मी चिडले, पण चिडून उपयोग नव्हता. मी फोनवर नुसती ढोलकी उघडली, बोट मारलं की थाप वाजते अशी, आणि ते मेले इयरफोन, आता चार्ज झालेले, त्यांच्या कानात जवळजवळ कोंबलेच.

पप्पांनी एक थाप मारली. बोट वर आलं, आणि मग त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा मारली. मग भराभर मारल्या, थांबले, आणि हात पडल्यानंतरही कानात काहीतरी येत होतं म्हणून माझ्याकडे बघितलं. पन्नास वर्षं हात पडला की आवाज, यात त्यांनी कधी फट पाहिली नव्हती.

"अगं, हे उशिरा बोलतंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो पप्पा. त्यांनी कानातलं काढलं, तळहातावर घेऊन निरखलं. मग एकदम भडकले. माझा राग कुठून आलाय ते त्या दिवशी आईने मला दाखवून दिलं. एवढुसं बोंडूक, आणि याने मला रामभाऊंच्या पंगतीला बसवलं, असं म्हणत ते घरभर फिरले. फिरता फिरता एकदा ढोलकीपाशी थांबले, खोळीवर हात ठेवला, पण नाडी सोडली नाही. मला ते दिसलं. घरात कळलं होतं. पण जगाने जे वाचलं होतं ते तसंच होतं, आणि आनंदाकाकांच्या पार्टीतल्या तरण्या पोरांनीही ते वाचलं होतं.

म्हणून शुक्रवारी माझं आणि जयदेवचं खरं भांडण झालं. त्याला जुळवणी हवी होती, पण गुपचूप. दोष कसला होता हे जाहीर करायची काय गरज म्हणाला. लोक हसतील. उल्हासनगरचा माल, म्हणजे नकली, म्हणतील, आधीच म्हणतात. त्याचं दुखणं मला कळत होतं, कारण मीही याच गावची, मलाही ते वाक्य कॉलेजपासून ऐकावं लागलंय. पण माघार घ्यायची नाही हे मी घरून ठरवूनच निघाले होते.

"हसू देत," मी म्हटलं. "पप्पांना हसले तेव्हा तुला चाललं. आता आपल्याला हसू देत."

त्याने संगणक पुढे ओढला आणि जाहीर खुलासा स्वतः लिहिला, माझ्याकडून एक शब्दही न घेता. ढोलकी भीमराव यांची, ती पहिल्यापासून बरोबर होती, चूक आमच्या कानातल्या सामानाची आणि आमची. कोणते इयरफोन, कसं झालं, सगळं. खाली स्वतःचं नाव. ते वाचून मी त्याला सॉरी म्हणणार होते, पण त्याने हात हलवून मला कामाला लावलं.

जुळवणीच्या चार थापा पप्पांनीच वाजवायच्या, आणि दोन शब्द बोलायचे, हे जयदेवनेच ठरवलं. अंबरनाथपर्यंत जायला वेळ नव्हता. दुपारी जेवायच्या सुट्टीत खालचा हातोडा थांबतो, तेवढ्यात ऑफिसातच रेकॉर्ड करायचं ठरलं. पप्पा आले, तोच पांढरा शर्ट घालून, काखेत ढोलकी. निळ्या खोळीची नाडी त्यांनी तिथेच सोडली. जयदेवने बोलायचं वाक्य कागदावर लिहून दिलं होतं. गेम सुरू करण्याआधी तुमचा ठेका तपासून घ्या.

पप्पांनी वाचलं आणि कागद परत दिला. हे मी म्हणणार नाही म्हणाले. जयदेव म्हणाला, काका, साधं वाक्य आहे. पप्पा म्हणाले, बाबा रे, समोरचा कोण आहे, कुठे बसलाय, कानात काय घालून बसलाय, मला माहीत नाही. त्याला मी कशाला सांगू, तुझा ठेका तपास म्हणून. मग ते मांडी घालून बसले, माइक जवळ ओढला, चार थापा दिल्या, आणि कोणाला न विचारता बोलले.

"ठेका तुमचा बरोबरच आहे. वाजवा. आम्ही जुळवून घेतो."

जयदेवने दुसरा टेक मागितला नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण आता मात्र मला रडू आवरलं नाही. तेवढ्यात खाली हातोडा सुरू झाला.

दुरुस्त केलेल्या गेमवरचा वैष्णवीचा व्हिडिओ पुढच्या रविवारी आला. मी आणि आईने टीव्हीवर लावला. तिने आधी नुसता गेम चालू केला. चार थापा, पप्पांचा आवाज, आणि मग ती पूर्ण गाणं खेळली, पडद्यावर क्या बात, क्या बात. त्यानंतर तिने पप्पांचं नाव घेऊन माफी मागितली. मग तिच्या त्या शांत आवाजात वाईट सांगायला लागली. गाणी अजून कमीच आहेत, गोष्ट अजून अर्धीच आहे, ट्रक अजून उभाच आहे. मी आईला म्हटलं, बरोबर बोलते बाई. आईने माझ्याकडे असं बघितलं की मीच हसले.

पप्पांची खुर्ची रिकामी होती. इस्त्रीचा शर्ट खुंटीला तसाच होता. ते सकाळीच आनंदाकाकांकडे गेले होते, जयंतीच्या प्रॅक्टिसला, आणि जाताना काकांना फोनवर बजावून गेले होते की माइक वायरचाच ठेव. व्हिडिओ संपल्यावर मी त्यांना सांगायला फोन लावला. तीनदा लावला, त्यांनी उचलला नाही. हात मोकळे नसणार.